घरांतील यंत्रें : बेचाळीस कळा आणि दोन हात

स्वयंपाकघरांतील मिसळणाचा डबा कसा लावावा हें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तरीपण ज्या घरांत एकच गृहिणी दहा-पंधरा वर्षें फोडणी करीत आली आहे, त्या घरच्या डब्यांत मोहरी कोठें आणि हळद कोठें हें लक्षपूर्वक पाहिलें, तर त्या सहा-सात वाट्यांच्या मांडणींत हाताच्या सोयीचा केवढा विचार सांठविलेला असतो तें ध्यानांत येतें. वारंवार लागतें तें जवळ, क्वचित् लागतें तें पलीकडे, आणि ओल्या हाताचा स्पर्श होऊं नये तें झांकलेलें. घरांत नवी सून आली म्हणजे ती चार दिवस चांचपडते, मग एखादी वाटी हलविते. सासूबाई थोड्या कुरकुरतात आणि बदल सोयीचा असेल तर महिन्याभरांत त्याहि त्याच ठिकाणीं हात घालूं लागतात.

त्याच घरांत दिवसाचे सहा-सहा तास संगणकावर अक्षरें उमटविणारीं माणसें मात्र आपल्या बोटांखालीं कोणतें अक्षर कोणीं, कधीं व कां ठेविलें याचा विचार सहसा करीत नाहींत. डबा आपला, मांडणी आपली. कळफलक मात्र जसा दुकानांतून आला तसा. हा फरक कां असावा, आणि तो मोडून पाहिला तर हातीं काय लागतें, हें या महिन्याच्या सदरांत पाहावयाचें आहे.

निमित्त घरचेंच आहे. आमचे धाकटे बंधु दौंडास असतात. त्यांच्या सूनबाई घरीं बसून मराठी हस्तलिखितें संगणकावर उतरवून देण्याचें काम करितात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचें उजवें मनगट करंगळीच्या बाजूस दुखूं लागलें. आरंभीं कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. दळण, कांडण, धुणें यांनीं हात दुखला तर तें घरांतल्या सर्वांस समजतें. परंतु ‘बसून करावयाचें काम, त्यांत हात दुखण्यासारखें तें काय?’ असा प्रश्न उघड कोणीं विचारला नसला तरी तो घरच्या हवेंत होता. शेवटीं पीठ मळतां मळतां त्यांना दोनदां थांबावें लागलें, तेव्हां डॉक्टरांकडे जाणें झालें. हाताला विश्रांति द्या आणि बसण्याची व हात ठेवण्याची रीत बदला, असें त्यांनीं सांगितलें. विश्रांति घेतली तर काम जातें, आणि काम तर सोडावयाचें नाहीं. तेव्हां आमचे चिरंजीव, जे शिरूरास आमच्याजवळ राहून रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस जातात, त्यांनीं एक विलक्षण घाटाचा लहानसा कळफलक आणिला. तो तीन आठवडे शिरूरच्या घरीं आम्हीं वापरला, नंतर एस्. टी.नें दौंडास गेला आणि तेथें सूनबाईंनीं सहा आठवडे वापरला.

प्रथम त्याचें वर्णन. ही एक वस्तु नसून दोन आहेत. एक डाव्या हाताची व एक उजव्या हाताची, मध्यें फक्त एक तार. प्रत्येक अर्ध्यांत बोटांसाठीं तीन ओळी व सहा स्तंभ, म्हणजे अठरा कळा. आणि खालच्या अंगास अंगठ्यासाठीं तीन. एकूण बेचाळीस. नेहमींच्या मोठ्या फलकावर शंभरांहून अधिक कळा असतात हें लक्षांत घेतलें म्हणजे पहिल्या दिवशीं घरांतील मंडळींनीं ‘बाकीचा कोठें सांडला?’ असें कां विचारलें तें समजेल. कळांचे स्तंभहि एका रेषेंत नाहींत. मधलें बोट लांब म्हणून त्याचा स्तंभ वर सरकविलेला, करंगळी आंखूड म्हणून तिचा खालीं. अंकांची ओळ मुळींच नाहीं. अंगठ्यानें एक विशिष्ट कळ दाबून धरिली म्हणजे त्याच कळांवर अंक येतात, दुसरी धरिली म्हणजे चिन्हें येतात. यास ‘थर’ म्हणतात. शिफ्ट दाबली असतां इंग्रजी लहान अक्षराचें मोठें होतें तेंच हें तत्त्व, एक पायरी पुढें नेलेलें.

अशा यंत्राची पारख करितांना लोक तीन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवितात आणि मग वाद वाढतो. पहिला प्रश्न घाटाचा : फलक अखंड असावा कीं दुभंगलेला? दुसरा संख्येचा : कळा किती असाव्या? आणि तिसरा क्रमाचा : कोणतें अक्षर कोठें असावें? हे तिन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत. घाट बदलून क्रम जुनाच ठेवितां येतो. क्रम बदलून घाट जुना ठेवितां येतो. एकाचा गुण दुसऱ्याच्या नांवें मांडूं नये, एवढें पथ्य वाचकांनीं पाळिलें तर पुढील मजकूर सोपा वाटेल.

क्रमाचा इतिहास मनोरंजक आहे. हल्लीं जगभर चालणारा इंग्रजी क्रम अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरच्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांच्या यंत्रांतून आला. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना १८६८ सालीं पेटंट मिळालें, १८७४ सालीं रेमिंग्टन कंपनीनें यंत्र विक्रीस आणिलें, आणि १८७८ पर्यंत अक्षरांचा क्रम जवळजवळ आजच्यासारखा झाला. आरंभीं अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें होतीं; त्याची खूण मधल्या ओळींत अद्यापि शिल्लक आहे. पुढें ती मांडणी कां मोडली याविषयीं नेहमीं सांगितलें जाणारें कारण असें कीं, जवळजवळचे अक्षरदांडे एकमेकांत अडकूं नयेत म्हणून जोडीनें येणारीं अक्षरें दूर नेलीं. परंतु क्योतो विद्यापीठांतील यासुओका या संशोधकांनीं अलीकडे असें मांडलें आहे कीं, तारायंत्राचा मोर्स संदेश ऐकून तो लिहून घेणाऱ्या लोकांच्या गरजांचा या क्रमावर मोठा परिणाम झाला. खरें कारण कोणतेंहि असो; तें आज राहिलेलें नाहीं. संगणकांत दांडे नाहींत, आणि ज्या तारायंत्राच्या कडकट्टानें दौंड जंक्शनसारखीं स्थानकें एके काळीं गजबजलेलीं असत, ती तारसेवाहि आपल्या देशांत जुलै २०१३ मध्यें बंद झाली. कारण गेलें, मांडणी राहिली.

हा क्रम बदलण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न ऑगस्ट ड्व्होरॅक या अमेरिकन प्राध्यापकांचा. त्यांना व त्यांचे सहकारी डीली यांना १९३६ सालीं पेटंट मिळालें. त्यांनीं इंग्रजींतील सर्व स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळींत ठेविले आणि नेहमीं लागणारीं व्यंजनें उजव्या हाताच्या मधल्या ओळींत, म्हणजे बोटें जेथें स्वभावतः विसांवतात तेथेंच बहुतेक काम व्हावें. २००६ सालीं शाइ कोलमन यांनीं जुन्या क्रमांतील कांहीं अक्षरें जागच्या जागीं ठेवून ‘कोलमॅक’ नांवाचा मधला मार्ग काढला. या सुधारणांनीं वेग किती वाढतो याविषयीं मात्र मतभेद आहे. १९५६ सालीं अमेरिकन सरकारसाठीं स्ट्राँग यांनीं केलेल्या परीक्षेंत ड्व्होरॅक क्रमाचा विशेष लाभ दिसून आला नाहीं. आणि १९९० सालीं लिबोविट्झ व मार्गोलिस या अर्थशास्त्रज्ञांनीं या क्रमाच्या श्रेष्ठपणाची कथा बरीचशी फुगविलेली आहे असें प्रतिपादन केलें. बोटांचा प्रवास कमी होतो हें निर्विवाद. वेगाच्या गोष्टी सांभाळून ऐकाव्या.

घाटाचा प्रश्नहि नवा नाहीं. १९२६ सालींच क्लोकेनबर्ग या जर्मन गृहस्थांनीं टंकलेखनयंत्राचा फलक दोन भागांत विभागावा असें सुचविलें होतें. कारण साधें आहे. आपले हात खांद्यांपासून तिरपे येतात. अखंड सरळ फलकावर ते ठेवावयाचे तर दोन्ही मनगटें करंगळीच्या बाजूस वांकवावीं लागतात. दोन अर्धे खांद्यांइतके दूर ठेविले म्हणजे हें वांकणें राहात नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत लिलियन माल्ट व स्टीफन हॉब्डे यांनीं असाच दुभंगलेला ‘माल्ट्रॉन’ फलक तयार केला आणि त्यांत इंग्रजींतील सर्वांत अधिक लागणारें ‘इ’ हें अक्षर अंगठ्याच्या स्वाधीन केलें. हातांतील सर्वांत बळकट बोट, त्याला सगळ्या जगानें केवळ रिकामी जागा सोडण्याच्या कामावर ठेविलें होतें! ही गोष्ट वाचकांनीं स्मरणांत ठेवावी; पुढें तिचा उपयोग होणार आहे.

राहिली संख्या. बेचाळीस कळा पाहून हंसणाऱ्यांनीं अंधांचें लेखनयंत्र पाहावें. १९५१ पासून जगभर गेलेल्या पर्किन्स ब्रेलयंत्रावर अक्षरांसाठीं अवघ्या सहा कळा असतात. त्या एकत्र दाबून ब्रेलचें कोणतेंहि अक्षर लिहितां येतें, मग ती भाषा इंग्रजी असो वा मराठी. दौंड तालुक्याला तर या गोष्टीचें विशेष अगत्य असावें. याच तालुक्यांतील केडगांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनीं अंध मुलींना ब्रेल शिकविण्यास आरंभ केला होता.

केडगांवचें स्मरण आणखी एका कारणानें होतें. रमाबाईंनीं तेथें छापखाना उभारिला व सदनांतील मुलींना व स्त्रियांना खिळे जुळविण्याचें काम शिकविलें. त्यांनीं स्वतः केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर याच छापखान्यांतून निघून त्यांच्या निधनानंतर, १९२४ सालीं, पुरें प्रसिद्ध झालें. रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं आमच्या घराण्यांतून पूर्वीं कडाक्याचे वाद झाले; ते आज उगाळण्याचें प्रयोजन नाहीं. आपणांस पाहावयाचें तें एवढेंच कीं, देवनागरी जुळणीचें काम त्या काळीं किती अवघड होतें. काने, मात्रा, रफार, अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें मिळून शेंकडों निरनिराळे खिळे लागत आणि ते लांकडी खणांत मांडून ठेवीत. ती मांडणी वर्णमालेच्या क्रमानें नसे. ज्या अक्षरांचें काम अधिक त्यांचे खण मोठे आणि हाताशीं, व क्वचित् लागणाऱ्यांचे लहान आणि दूर. ड्व्होरॅक यांनीं जें तत्त्व १९३६ सालीं पेटंटांत घातलें, तें जुळाऱ्यांच्या आणि जुळारणींच्या हातांत कितीतरी आधींपासून होतें. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणूनच सावरकरांनीं ‘अि, अी, अु’ अशी लिपिसुधारणा सुचविली आणि किर्लोस्करांच्या मासिकांनीं ती वर्षानुवर्षें चालवून दाखविली. अक्षरांची मांडणी ही बदलण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार महाराष्ट्राला परका नाहीं.

मग आपल्या मराठीचा कळफलक कसा आहे? जुन्या टंकलेखनयंत्रांवर, म्हणजे रेमिंग्टनच्या आणि पुढें गोदरेजच्या यंत्रांवर, अक्षरें डोळ्यांना जशीं दिसतात त्या क्रमानें उमटवावीं लागत. ‘कि’ लिहावयाचें तर आधीं ऱ्हस्व वेलांटी, मागून क. गोदरेज कंपनीनें १९५५ पासून तयार केलेलीं हीं यंत्रें २००९ सालीं थांबलीं. त्यांचा क्रम मात्र अनेकांच्या बोटांत अजून आहे. संगणकासाठीं भारत सरकारनें जी ‘इन्स्क्रिप्ट’ रचना प्रमाण केली व जी १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झाली, ती याहून निराळ्या विचाराची आहे. तींत उच्चाराप्रमाणें लिहावयाचें. आधीं क, मग वेलांटी. स्वर बहुतेक सर्व डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे. ज्या कळेवर वेलांटी तिच्याच वर, शिफ्ट दाबून, ‘इ’. क च्या कळेवर ख, ग च्या कळेवर घ, त वर थ, द वर ध. पाणिनीच्या देशास शोभेल अशी ही व्यवस्था आहे. वर्गांतील अक्षरें ज्याला पाठ आहेत त्याला अर्धी रचना आपोआप पाठ होते. ‘काका’, ‘दादा’ हे शब्द लिहून पाहावे : उजवा, डावा, उजवा, डावा, झांज वाजविल्यासारखे हात चालतात. प्रत्येक प्रचलित संगणकांत ही रचना असतेच. तिला वेगळें मोल पडत नाहीं. इतकें असूनहि आमच्या सुशिक्षित घरांतील बहुतेक मंडळी मराठी पत्र रोमन अक्षरांत लिहितात आणि यंत्राकडून त्याचें देवनागरी करून घेतात. दारचें पाणी सोडून टँकर मागविण्यापैकीं हा प्रकार आहे.

आतां परीक्षेचा वृत्तांत. शिरूरास पहिला आठवडा सर्वांचाच चांचपडण्यांत गेला. एक साधें पोस्टकार्ड भरेल इतका मजकूर लिहावयास अर्धा तास लागे, कारण सरळ स्तंभांची बोटांना ओळख नव्हती व अंगठ्यांना काम करण्याची संवय नव्हती. दुसऱ्या आठवड्यांत खालीं पाहणें सुटलें. तिसऱ्यांत ‘शिरूर’ हा शब्द आम्ही डोळे मिटून लिहूं लागलों. आणि तो लिहितांना हात बिनचूक आळीपाळीनें चालतात हें पाहून आमच्या मातुःश्रींनाहि कौतुक वाटलें. यंत्र दौंडास गेलें त्याच संध्याकाळीं सूनबाईंचा फोन आला.

“काका, यावर दौंड लिहितां येत नाहीं!”

मातुःश्री जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मग शिरूरासच राहावयास ये कीं!”

थट्टा बाजूस ठेविली तरी गोष्ट खरी होती. इन्स्क्रिप्ट रचनेंत ‘ड’ हें अक्षर वरच्या ओळीच्या उजव्या टोंकास असतें, आणि नेमकी तीच कळ या लहान फलकावर नाहीं. त्याच्याच शेजारची ‘ञ’ ची कळ नाहीं, म्हणून ‘ज्ञान’ अडलें. ‘ृ’ ची नाहीं, म्हणून ‘गृह’ आणि ‘कृष्ण’ अडले. ‘ॉ’ ची नाहीं. आणि ड व ॉ दोन्ही नाहींत म्हणजे ज्यांच्या सल्ल्यामुळें हें यंत्र घरांत आलें त्या ‘डॉक्टर’ महाशयांचें नांवहि उमटेना. शिरूरचें जुनें नांव घोडनदी, तेंहि अडलेंच. तेव्हां दौंडकरांचें थोडें समाधान झालें. हे फलक छब्बीस अक्षरांच्या लिपीचा हिशेब करून घडविलेले असतात. छब्बीस कळा अक्षरांस देऊन बाकीच्या त्यांना पुरतात. आपल्या लिपीला पुरत नाहींत. थर लावून हीं अक्षरें मिळतात हें खरें, पण ‘ड’ सारखें रोजचें अक्षर प्रत्येक वेळीं अंगठा धरून काढणें म्हणजे मीठ फळीवर आणि वेलदोडे हाताशीं ठेवण्यासारखें आहे.

यावर उपाय सूनबाईंनींच काढला, आणि तो या सर्व खटाटोपाचें सार आहे. आपला हात नेमका करंगळीकडे कां दुखतो, याचा शोध त्यांनीं आपल्याच मजकुरांत घेतला. इन्स्क्रिप्ट रचनेंत ज, च, य, ट आणि ड हीं सर्व अक्षरें उजव्या करंगळीच्या वांट्यास येतात. रचना अखिल भारतीय आहे. हिंदींत षष्ठीचे प्रत्यय का, की, के. तेथें क मधल्या बळकट बोटाखालीं आहे, म्हणून हिंदी लिहिणाऱ्यास त्रास नाहीं. मराठींत तेच प्रत्यय चा, ची, चें, च्या. मराठीचें एक वाक्य ‘च’ वांचून पुरें होणें कठीण. आणि तो ‘च’ हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटावर! दिवसभर ‘त्याच्या’, ‘घराची’, ‘आमचें’ लिहावयाचें म्हणजे त्या एका करंगळीनें किती ठोके मारावयाचे याचा हिशेब वाचकांनींच करावा.

या फलकाच्या पोटांत लहानशी स्मृति असते आणि कोणती कळ संगणकास कोणता संकेत पाठवील हें आपणांस ठरवितां येतें. सूनबाईंनीं चिरंजीवांकडून ती कृति शिकून घेतली आणि उजव्या अंगठ्याच्या सहज सांपडणाऱ्या कळेवर ‘च’ आणिला. त्याची मधल्या ओळींतील जागा रिकामी झाली. तेथें ‘ड’ बसविला. एका हालचालींत दोन कामें झालीं : करंगळीचा भार उतरला आणि दौंड लिहितां येऊं लागलें. ॉ, ृ, ञ हीं क्वचित् लागणारीं अक्षरें दुसऱ्या थरांत ठेविलीं. माल्ट्रॉनकारांनीं इंग्रजीसाठीं ‘इ’ अंगठ्याला दिला, दौंडास एका सूनबाईंनीं मराठीसाठीं ‘च’ दिला. मिसळणाच्या डब्यांतील वाटी हलविण्याचीच ही रीत.

बंधूंना प्रथम हें रुचलें नव्हतें. “अहो दादा, सगळ्या जगाचीं अक्षरें जागच्या जागीं आहेत, आपल्याच घरांत तीं हलवावयाचीं कशाला? उद्यां ती दुसऱ्याच्या यंत्रावर बसली तर अडेल,” असें त्यांचें म्हणणें. तें पोकळ नाहीं. नेहमींच्या फलकावर बसल्यावर सूनबाईंचा अंगठा अद्यापि पहिल्या कांहीं ओळींत ‘च’ शोधतो. म्हणून त्या दिवसाकाठीं थोडा वेळ साध्या फलकावरहि लिहितात. ज्याचें सारें काम एकाच मेजावर चालतें त्याला ही किंमत परवडते. इतरांना परवडेलच असें नाहीं.

आमची शिरूरची पुतणी लिपिक-टंकलेखक पदाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. त्या पदासाठीं मराठींत मिनिटास तीस किंवा इंग्रजींत चाळीस शब्दांचा वेग लागतो, आणि परीक्षा तेथें ठेविलेल्या साध्या यंत्रावर होते. तिला आम्हीं हा फलक हातीं धरूं दिला नाहीं. परीक्षेस बसणाऱ्यानें जाहिरातींत कोणती रचना चालते तें आधीं पाहावें, तीच साध्या फलकावर घोटावी, आणि अक्षरें हलविण्याच्या नादीं लागूं नये. रचना बोटांत भिनली म्हणजे ती कोणत्याहि कचेरींत आपल्याबरोबर येते. मेजावरचा फलक येत नाहीं.

एक व्यावहारिक सूचना विशेष महत्त्वाची आहे. इंग्रजीसाठीं ड्व्होरॅक किंवा कोलमॅक क्रम घ्यावयाचा असेल, तर तो फलकाच्या स्मृतींत घालूं नये, संगणकाच्या भाषाव्यवस्थेंत निवडावा. कारण फलकांतच अक्षरें हलविलीं तर मराठी निवडल्यावर तीहि त्याच हलविलेल्या संकेतांप्रमाणें उमटते, आणि स्वर-व्यंजनांची सारी सुरेख विभागणी विस्कटून जाते. संगणकांत निवडल्यास इंग्रजी आपल्या क्रमानें व मराठी आपल्या क्रमानें चालते. फलकांत फक्त त्याच कळा हलवाव्या, ज्या दोन्ही भाषांसाठीं हलविलेल्या चालतील.

आतां प्रकृतीविषयीं. असा फलक घेतल्यानें मनगटाचा विकार बरा होतो असें कोणीं सांगितलें तर विश्वास ठेवूं नये. मनगटाच्या बोगद्यांतून जाणारा मज्जातंतु दाबला जाऊन जो विकार होतो, त्यावर बैठक बदलणें किंवा विशेष साधनें वापरणें कितपत गुणकारी आहे याची समीक्षा कॉक्रेन या संस्थेनें २०१२ सालीं प्रसिद्ध केली. तींत पुरावा अपुरा असल्याचाच निष्कर्ष आहे. सूनबाईहि दुखणें गेलें असें म्हणत नाहींत. संध्याकाळीं पीठ मळतांना आतां थांबावें लागत नाहीं, एवढेंच त्या सांगतात. शिवाय या सहा आठवड्यांत त्यांचें मेज चार बोटें खालीं आलें, दर अर्ध्या तासानें उठण्याचा नेम झाला, आणि संध्याकाळचीं भांडीं पुतण्यानें आपल्याकडे घेतलीं. गुण कशाचा किती, हें वेगळें काढून दाखवितां येणार नाहीं. रात्रीं बोटांस मुंग्या येऊन झोंप मोडत असेल, किंवा हातांतून वस्तु गळूं लागली असेल, तर यंत्रांच्या मागें न लागतां आधीं डॉक्टरांस दाखवावें.

तेव्हां हा फलक कोणीं घ्यावा? किंमत चांगल्या सायकलीएवढी आहे. हौसेसाठीं घेण्याजोगा तो नव्हे. ज्याचें रोजचें चार-सहा तासांचें काम एकाच मेजावर चालतें, ज्याला हाताचा त्रास जाणवूं लागला आहे, आणि ज्याच्या अंगीं तीन आठवडे सावकाश लिहिण्याची चिकाटी आहे, त्यानें उसना आणून पाहावा व मग ठरवावें. बाकीच्यांनीं पैसे खर्च न करितां तीन गोष्टी कराव्या. मेज इतकें खालीं असावें कीं कोंपर काटकोनांत राहून मनगट सरळ राहील. अर्ध्या तासास एकदां उठावें. आणि इन्स्क्रिप्ट रचना शिकावी. रोज अर्धा तास दिला तर घरांतील मुलें ती महिन्याभरांत आत्मसात करितात, आणि वडीलधाऱ्यांना वर्णमाला पाठ असल्यामुळें तीहि मागें राहात नाहींत.

शेवटीं एक गोष्ट एकत्र कुटुंबांच्या विचारासाठीं. आमच्या घरांतून यंत्रें पुष्कळ येतात. तीं कोणाच्या हाताच्या मापानें घेतलीं जातात हें क्वचितच विचारलें जातें. जात्याला खुंटा कोणत्या उंचीचा हवा हें दळणारीला विचारीत. संगणकावर राबणाऱ्या सुनेला किंवा मुलीला तिचें मेज, तिची खुर्ची, तिचा फलक हाताला सोसतो कीं नाहीं हें कोणीं विचारावयाचें? या महिन्यांत घरच्या मंडळींनीं एकदां तिच्या खुर्चीवर बसून पाहावें आणि तिच्या फलकावर चार ओळी लिहून पाहाव्या. तिचें मनगट कोठें वांकतें, तें आपलेंहि तेथेंच वांकतें कीं नाहीं, हें त्या चार ओळींत कळून येईल. आणि मेजाचे पाय चार बोटें कापावयाचे कीं नाहीं याचा निकाल त्याच संध्याकाळीं लागेल.